फायफॉक्स अ‍ॅप : दोन मोबाईल, चार फळ्या आणि नववीचा ध्वनीचा धडा

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो, एकवीस वर्षं झाली. नववीला ध्वनीचा अभ्यास हा धडा दरवर्षी येतो आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं तो मी फळ्यावरच शिकवला. लाट काढायची, इथं संपीडन म्हणजे हवा दाटलेली, इथं विरलन म्हणजे विरळ झालेली म्हणून बाण दाखवायचे, कानाला २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, ऐकू येतात हे पाठ करून घ्यायचं, प्रतिध्वनीला १७.२ मीटर अंतर लागतं ते दोनदा लिहून घ्यायचं, झालं. पोरांना मार्क पडतात पण आवाज म्हणजे काहीतरी चालत येणारी गोष्ट आहे, तिला यायला वेळ लागतो, हे त्यांच्या अंगात उतरत नाही. फायफॉक्स वापरायला लागून दोन वर्षं झालीत, म्हणून आता अनुभवाने लिहितोय, इन्स्टॉल केल्या केल्या नाही.

आधी अ‍ॅप काय आहे ते. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या तांत्रिक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने ते बनवलंय, २०१६ पासून आहे, पूर्ण फुकट, जाहिरात एकसुद्धा नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. शोधताना इंग्रजीत पी एच वाय पी एच ओ एक्स असं टाईप करा, नाहीतर भलतंच काहीतरी येतं. मोबाईलमध्ये जे जे सेन्सर असतात, माईक, हवेचा दाब मोजणारा, चुंबक ओळखणारा, हलणं मोजणारा, त्या सगळ्यांचे आकडे ते तुमच्यासमोर ठेवतं आणि त्यावर बेतलेले तयार प्रयोग देतं. मी इथं फक्त आवाजाच्या प्रयोगांबद्दल लिहितोय, बाकीचं परत कधीतरी. एकदा इन्स्टॉल झालं की इंटरनेट लागत नाही, आमच्या शाळेत रेंज गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही त्यामुळे हे मला फार महत्त्वाचं.

मला सगळ्यात जास्त आवडलेला प्रयोग म्हणजे अकॉस्टिक स्टॉपवॉच. आवाज झाला की घड्याळ सुरू, पुन्हा आवाज झाला की बंद, बास एवढंच. पण दोन मोबाईल घेतले की याच्यावर आवाजाचा वेग मोजता येतो आणि दोन्ही घड्याळं एकमेकांशी जुळवायची गरजच पडत नाही, ही यातली गंमत. कसं ते सांगतो. एक मोबाईल इथं स्टुलावर, दुसरा दहा मीटरवर, मध्ये टेप लावून मोजलेलं अंतर. पहिल्या मोबाईलजवळ उभ्या असलेल्या मुलीने लाकडाच्या दोन फळ्या एकमेकींवर फाडकन आपटायच्या, तिच्याजवळचं घड्याळ लगेच सुरू होतं आणि लांबचं घड्याळ आवाज दहा मीटर चालून गेल्यावर सुरू होतं. मग एखाद दोन सेकंदांनी लांबच्या मुलाने फळ्या आपटायच्या, त्याचं घड्याळ लगेच थांबतं आणि हिचं मात्र आवाज दहा मीटर परत आल्यावर थांबतं. म्हणजे हिच्या घड्याळात जास्तीची वेळ पडते ती आवाजाला जायला आणि यायला लागलेली, एकूण वीस मीटरची. दोन आकड्यांची वजाबाकी करा, वीसला त्याने भागा, वेग आला. पोरं दुसऱ्या टोकाने किती वेळाने आपटली याचा काही संबंधच उरत नाही, आणि हे जेव्हा एका मुलीच्या डोक्यात शिरलं तेव्हा तिने स्वतःच उठून बाकीच्यांना फळ्यावर समजावलं, मी मागे बाकावर बसलो होतो.

पण पहिल्या दिवशी प्रयोग साफ फसला आणि फसला म्हणूनच मी हे इतकं लांबण लावून लिहितोय. लांबच्या फळीचा आवाज मोबाईलला ऐकू यावा म्हणून मी थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळ हलावं ती मर्यादा, बरीच खाली आणली. तर झालं काय, पहिली फळी आपटली की घड्याळ सुरू व्हायचं आणि दुसरी आपटायच्या आधीच आपोआप थांबायचं. दर वेळी ०.२३ सेकंदाला. मी म्हणलं वारा असेल, एसटीचा हॉर्न असेल, मोबाईल जुना आहे. पाच वेळा केलं, ०.२३, ०.२३, ०.२२, ०.२३, ०.२३. वारा असा घड्याळ लावून वाहतो का? मागे उभा असलेला एक पोरगा, वर्गात फारसा तोंड न उघडणारा, म्हणाला सर ते समोरचं गोदाम आहे की. मैदानाच्या पलीकडे सोसायटीचं गोदाम आहे, मोठी सपाट सिमेंटची भिंत. आम्ही टेप घेऊन मोजायला गेलो, स्टुलापासून भिंतीपर्यंत ३९.६ मीटर. आता हिशोब करा, त्या दिवशी दुपारी तापमान २९ अंश होतं, त्या हवेत आवाज साधारण ३४८ मीटर दर सेकंदाला जातो, ०.२३ सेकंदात ऐंशी मीटर, म्हणजे जाऊन येऊन चाळीस चाळीस. आमचं घड्याळ भिंतीवरून परत आलेल्या आवाजाने थांबत होतं! पोरं अक्षरशः ओरडली. प्रतिध्वनी हा शब्द त्यांनी तिसरीपासून ऐकलेला पण तो असा आकडा घेऊन समोर येईल हे कुणालाच वाटलं नव्हतं, मलासुद्धा नाही.

मग अ‍ॅपमध्ये किमान विलंबाचं एक सेटिंग आहे, म्हणजे घड्याळ सुरू झाल्यावर इतका वेळ कुठलाच आवाज धरायचा नाही, ते अर्ध्या सेकंदावर नेलं आणि गोदामाचा प्रश्न मिटला. पुढचे पाच आकडे, म्हणजे दोन घड्याळांतला फरक, ०.०५७, ०.०५९, ०.०५६, ०.०५८ आणि ०.०६२ असे आले. सरासरी ०.०५८४, वेग ३४२ मीटर दर सेकंद. पुस्तकातल्या सूत्राने २९ अंशाला ३४८ यायला पाहिजे, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत, आणि हे दोन साध्या मोबाईलवर आणि सुताराकडून मागून आणलेल्या चार फळ्यांवर. शेवटचा ०.०६२ का आला यावर पोरांचं बरंच भांडण झालं, कुणी म्हणे फळी मोबाईलपासून लांब धरली, कुणी म्हणे वारा उलटा. मी उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी परत करायला लावलं.

इथं मी त्यांना न्यूटनचं सांगितलं. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजमध्ये एक लांब ओसरी आहे, तिथं टाळीचा प्रतिध्वनी लंबकाच्या झोक्याशी जुळवून न्यूटनने आवाजाला लागणारा वेळ मोजायचा प्रयत्न केला होता. त्याने गणिताने काढलेला वेग मात्र खऱ्यापेक्षा बराच कमी आला, कारण आवाज जाताना हवा दाबली की थोडी तापते हे त्यात धरलेलं नव्हतं, ते नंतर लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दुरुस्त केलं. स्टॉपवॉच नसताना माणूस लंबकाच्या झोक्यावर हे करत होता हे पोरांना फार भिडलं.

गोदामाच्या भिंतीकडे चालत जायचं, दर पाच मीटरला टाळी वाजवायची आणि कुठं प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायचा बंद होतो ते पायाने खूण करायची, हे करायला तर अ‍ॅपचीही गरज नाही पण अ‍ॅपमुळे ते सुचलं. पोरांच्या खुणा सोळा ते वीस मीटरच्या मध्ये पडल्या. पुस्तकातलं १७.२ मीटर कुठून येतं ते तिथंच उभं राहून कळलं, कानात आवाजाचा ठसा साधारण ०.१ सेकंद राहतो, तेवढ्यात परत आलेला आवाज मूळ आवाजातच मिसळतो, आणि २२ अंशाला ३४४ च्या वेगाने ०.१ सेकंदात ३४.४ मीटर, त्याचं निम्मं १७.२. वर्गाची भिंत सहा मीटरवर, तिथून आवाज ०.०३५ सेकंदात परत येतो म्हणून वर्गात प्रतिध्वनी येत नाही, नुसता घुमतो, तो निनाद.

नादकाट्यांचं, म्हणजे आपटला की एकच ठरावीक सूर देणाऱ्या धातूच्या चिमट्यांचं (ट्यूनिंग फोर्क), पण सांगितलं पाहिजे. मागच्या वर्षी स्वतःच्या पैशाने एका ऑनलाईन विक्रेत्याकडून नादकाट्यांचा सेट मागवला होता, नाव घेत नाही. त्यातल्या एकावर ५१२ कोरलेलं, अ‍ॅपच्या ऑडिओ स्पेक्ट्रमवर, म्हणजे आवाजात किती हर्ट्झचा सूर किती जोरात आहे ते काड्यांनी दाखवणाऱ्या आलेखावर, धरला तर उंच काडी ४९८ ला. शाळेतला पंचवीस वर्षांचा गंजलेला ५१२ चा काटा धरला तर बरोबर ५१२. तेव्हापासून काहीही घेतलं की आधी स्पेक्ट्रमवर धरतो. भजनी मंडळाची पेटी पण आणली होती एकदा. काळी एक दाबली तर २८० च्या आसपास, व्हायला पाहिजे २७७, पेटी जुनी आहे, आणि वरच्या सप्तकातली तीच पट्टी दाबली की आकडा थेट दुप्पट. सप्तक म्हणजे दुप्पट हे पेटीवाल्या काकांना माहीत नव्हतं असं नाही, त्यांच्या कानाला ते चाळीस वर्षं माहीत आहे, पण आकड्यात बघून ते बराच वेळ एक एक पट्टी दाबत बसले. ऑडिओ स्कोपवर लाटेचा आकार दिसतो, बासरीची लाट गुळगुळीत आणि पेटीची दातेरी, स्वर एकच असून दोन वाद्यं वेगळी का वाटतात ते बोलून समजावण्यापेक्षा हे बरं.

सायकलवर एक मोबाईल १००० हर्ट्झचा सूर वाजवत ठेवून पोराला जोरात पुढून न्यायचं आणि दुसऱ्या मोबाईलवर डॉप्लर प्रयोग लावायचा, तेही केलं. ताशी अठरा किलोमीटरने सायकल येताना सूर साधारण १०१५ ला चढतो आणि गेल्यावर ९८६ ला उतरतो. मोटारसायकलवर करू नका, पोरं ऐकत नाहीत.

आता ऐकण्याच्या मर्यादेबद्दल. टोन जनरेटरमध्ये हवा तो आकडा टाकला की तो सूर वाजतो. पहिल्यांदा केलं तेव्हा ८,००० पासून वर वर नेत गेलो आणि हात वर करा म्हणलं, तर सगळ्यांचे हात सगळ्यालाच वर, शेजाऱ्याचा बघून. दुसऱ्यांदा सगळ्यांना डोळे मिटायला लावले, मध्येच सूर बंद करायचो, मध्येच लावायचो, मग खरं चित्र आलं. चौदा वर्षांची पोरं, १५,००० ला जवळजवळ सगळे हात, १७,००० ला निम्मे, १८,००० ला चारपाच. मोबाईलच्या स्पीकरमधूनच आवाज निघत नसेल तर? म्हणून दुसऱ्या मोबाईलवर स्पेक्ट्रम लावून ठेवला, त्यात १८,००० ला काडी दिसत होती, म्हणजे आवाज हवेत होता, कान घेत नव्हते. माझं सत्तेचाळीस वय, मी १२,५०० ला थांबलो. आमच्या शिपाईमामांची दोन वर्षांत रिटायरमेंट आहे, ते ९,००० ला. पोरांना हे इतकं विचित्र वाटलं की आपल्याला कान फाटेल असा आवाज येतोय आणि सर शांत उभे आहेत.

कारण आतल्या कानात आहे. गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी, तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी, नळीच्या तोंडाशी असलेल्या उंच सुरांच्या आणि आत टोकाशी असलेल्या खालच्या सुरांच्या. तोंडाशी असलेल्या आधी झिजतात, आणि माणसात एकदा गेलेली केसपेशी परत येत नाही. वयाने जातात, मोठ्या आवाजाने त्याहून लवकर जातात. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत डीजेच्या स्पीकरसमोर आमची ही पोरं चार चार तास नाचतात. हा हिशोब मी त्यांच्याकडूनच फळ्यावर करून घेतला, ८५, ८८, ९१ असं करत, आणि १०० ला आल्यावर वर्ग गप्प झाला. त्या वर्षी तिघांनी मिरवणुकीत कापसाचे बोळे घातले, कापसाने फारसं अडत नाही, फोमचे प्लग घ्या म्हणून मी मेडिकलमधून आणून दिले.

एका मुलीने विचारलं की पाराजवळच्या चिंचेवरच्या वटवाघळांचा आवाज यात दिसेल का. दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे मोबाईल सेकंदाला साधारण ४८,००० वेळा आवाजाची नोंद घेतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचाच, २४,००० पर्यंतचाच सूर त्याला ओळखता येतो. छोटी, किडे खाणारी वटवाघळं शिकारीला जो श्राव्यातीत, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या मर्यादेपलीकडचा, आवाज सोडतात तो बहुतेक याच्या वरचा, त्यामुळे तो निसटतो. दुसरी म्हणजे आमच्या चिंचेवरची ती मोठी, फळं खाणारी, ती प्रतिध्वनीवर चालतच नाहीत, डोळ्याने बघतात आणि वासाने फळ शोधतात. संध्याकाळी त्यांची जी किचकिच चालते ती आपसातली भांडणं. पोरांनी ती रेकॉर्ड करून स्पेक्ट्रमवर बघितली, छान दिसते.

आता घरचं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दोनतीन वर्षांपासून तिचं एकच वाक्य, आवाज येतो रे पण काय म्हणतोस ते कळत नाही. आम्ही मोठ्याने बोलायचो, मग ती म्हणायची ओरडतोस कशाला, मग मी गप्प, ती गप्प. एक दिवस शाळेची तयारी करताना मी सहज स्पेक्ट्रम लावून आ म्हणलं, काड्या सगळ्या डावीकडे, ३,००० च्या आत. मग नुसता स् ओढला, तर डावीकडे काही नाही आणि ५,००० च्या पुढे उजवीकडे दाट झुडूप. श् थोडा अलीकडे, फ् पसरट. मी तसाच बसून राहिलो. शब्दातला आवाजाचा जोर स्वरात असतो आणि शब्दाची ओळख बरीचशी या व्यंजनांत. ज्याच्या वरच्या सुरांच्या पेशी झिजल्यात त्याला आवाज पूर्ण मोठा येतो आणि सात, हात, भात यातलं काय ते कळत नाही. आई अगदी बरोबर सांगत होती, आम्हीच तीन वर्षं ऐकलं नाही. फोनवर तिला जास्त त्रास व्हायचा त्याचंही कारण तेच, साध्या फोन लाईनवरून ३०० ते ३,४०० हर्ट्झच जातं, स ची ओळख तिथंच कापली जाते.

टोन जनरेटर तिच्यासमोर लावला, १,००० स्वच्छ, २,००० येतोय म्हणाली, ४,००० ला मान वाकडी करून ऐकायला लागली, ६,००० ला काहीच नाही. हे कानाची तपासणी म्हणून धरू नका, मोबाईलचा आवाज किती मोठा निघतोय ते मोजलेलं नसतं, यावरून कुणाला बहिरं ठरवू नका आणि ठीक आहे म्हणून घरी पण बसवू नका. मी तिला सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८,००० पर्यंत तपासलं, कागदावर आलेली रेघ डावीकडे बरी आणि २,००० नंतर उतारावरून घसरत गेलेली. दोन्ही कानांना मशीन बसलंय आता. मशीनपेक्षाही आधी जे बदललं ते म्हणजे घरात तिच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायला लागलो, दुसऱ्या खोलीतून हाक मारणं बंद केलं. नातवंडांना मी स्पेक्ट्रमवरचा स् दाखवला, त्यांना एकदाच सांगावं लागलं.

वापरणाऱ्यांसाठी थोडं. डेसिबलचा आकडा अ‍ॅपमध्ये दिसतो पण तो आधी एखाद्या खऱ्या मीटरशी जुळवून घ्यावा लागतो, त्याशिवाय तो फक्त यापेक्षा ते मोठं एवढंच सांगतो, तो घेऊन कुणाशी वाद घालू नका. काही मोबाईल आसपासचा गोंगाट स्वतःच दाबतात, त्यामुळे माईकला लांबची टाळी पोचतच नाही, माझ्या जुन्या मोबाईलवर तसं होत होतं, दुसरा घेऊन बघा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून २०० च्या खालचे सूर नीट निघत नाहीत, २० हर्ट्झ लावून काही ऐकू येत नाही म्हणजे कान खराब असं नाही. सोनारचा प्रयोग, ज्यात मोबाईल स्वतःच चिवचिव आवाज काढून भिंतीचं अंतर सांगतो, तो रिकाम्या खोलीत आणि एखाद दोन मीटरवरच्या मोठ्या भिंतीवर करा, आजूबाजूला खुर्च्या असल्या की नक्की कोण परत पाठवतंय ते कळत नाही. वायफाय असेल तर मोबाईलवरचा आलेख लॅपटॉपच्या ब्राउझरवर आणता येतो आणि प्रोजेक्टरवर सगळ्या वर्गाला दिसतो. आमच्याकडे वायफाय नाही, दुसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावतो, चालतं. आकडे एक्सेलमध्ये पण निघतात.

नादकाट्याच्या सेटला जेवढे पैसे गेले त्याच्या आठवणीने सांगतो, हे फुकट आहे म्हणून हलकं समजू नका, दहापैकी दहा देतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी तर सुट्टीतच टाकून घ्या आणि घरी दोनदा करून बघा.

यंदाची सहल विजापूरला न्यायची ठरलीय, आमच्यापासून जवळच आहे. गोल घुमट १६५६ चा, आतून घुमटाचा व्यास अडतीस मीटरच्या आसपास, म्हणजे सज्जात एका बाजूला टाळी वाजवली तर समोरच्या भिंतीवरून परत यायला ०.२२ सेकंद लागायला पाहिजेत. तिथं एक टाळी सातआठ वेळा ऐकू येते म्हणतात, स्टॉपवॉच पहिल्याच प्रतिध्वनीला थांबेल, पुढच्यांसाठी स्कोपवर रेकॉर्ड करायचा विचार आहे. गेट उघडताना आत शिरायचं, दहानंतर सगळ्या शाळा येतात आणि मग नुसती आरोळ्यांची गर्दी. फळ्या न्यायच्या की नुसती टाळी पुरेल यावर वर्गात अजून ठरत नाहीये.